‘काढून टाका म्हणजे सुटाल’ हा सल्ला आत्ताच स्वीकारू नका

पत्र : “मी रावेर तालुक्यातला शेतकरी आहे, वय ३६. तीन वर्षांपूर्वी डाव्या बाजूच्या हर्नियाचे जाळी बसवून ऑपरेशन झाले. त्यानंतर काही महिन्यांनी डाव्या वृषणात दुखू लागले, ते आजतागायत थांबलेले नाही. सकाळी कमी असते. दिवसभर केळीच्या बागेत उभे राहिलो, घड उचलले किंवा मोटारसायकल चालवली की संध्याकाळी जडपणा येतो. मधूनच जांघेतून मांडीच्या आतल्या बाजूला कळ जाते. चार वेळा अँटिबायोटिकचे कोर्स झाले. सोनोग्राफीत ‘पहिल्या श्रेणीचे व्हेरिकोसील आणि एपिडिडिमिसमध्ये पाण्याची लहान गाठ’ असे लिहून आले आहे. एका डॉक्टरांनी सांगितले, काही नाही, मनाचे आहे. दुसऱ्यांनी सांगितले, वृषण काढून टाका म्हणजे सुटाल. मला एक मुलगी आहे, आणखी एक मूल हवे आहे. काढून टाकले तर पुरुषत्व राहील का? दुसरे काही ऑपरेशन आहे का, आणि ते कुठे होते? घरात बायकोशिवाय कुणाला माहीत नाही. घड उचलत नाही म्हणून भाऊ मला आळशी म्हणतो. आबांना कसे सांगू?”

प्रिय भाऊ,

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पत्रातील माहितीवरून पाहता, वृषण काढण्याची वेळ तुमच्यावर आलेली नाही. वेदना नेमकी कोठून निघते आहे हे अजून कोणी शोधलेले दिसत नाही, आणि ते शोधल्याशिवाय केलेली कोणतीही शस्त्रक्रिया, लहान असो वा मोठी, अंदाजाने केलेली ठरेल. शिवाय औषधगोळ्या आणि वृषण काढणे या दोहोंच्या मध्ये बरेच उपाय आहेत, आणि त्यांचा तुमच्याशी कोणी उल्लेखही केलेला दिसत नाही.

‘मनाचे आहे’ या उत्तराने तुम्ही दुखावला आहात, आणि ते स्वाभाविक आहे. वृषणात किंवा त्याच्या आसपास तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ सतत अथवा अधूनमधून दुखत असेल आणि त्यामुळे रोजच्या कामात अडथळा येत असेल, तर त्याला वैद्यकशास्त्रात जुनाट वृषणवेदना म्हणतात. हे मान्यताप्राप्त निदान आहे आणि मूत्ररोगतज्ज्ञांकडे असे रुग्ण नियमित येतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या तपासण्यांत बोट ठेवता येईल असे काहीच सापडत नाही, कारण सोनोग्राफीला गाठ दिसते, पाणी दिसते, रक्तप्रवाह दिसतो, पण चिडलेली नस दिसत नाही. दीर्घकाळ वेदनेचे संदेश वाहणारी नस हळूहळू इतकी संवेदनशील होते की मूळ कारण निवळल्यावरही ती संदेश पाठवीतच राहते. दोन-अडीच वर्षे दुखणारा माणूस चिडचिडा होतो, त्याची झोप जाते, कामात लक्ष लागत नाही. परंतु हा बहुतेक वेळा वेदनेचा परिणाम असतो. त्यावर उपचार जरूर घ्यावेत. मात्र त्यालाच कारण ठरवून रुग्णाला घरी पाठवणे मला मान्य नाही.

तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे हर्नियाचे ऑपरेशन. जांघेतून तीन नसा जातात : इलिओइंग्वायनल, इलिओहायपोगॅस्ट्रिक आणि जेनिटोफेमोरल या नसेची जननेंद्रियाकडे जाणारी शाखा. अंडकोषाची त्वचा, जांघ आणि मांडीची आतली वरची बाजू यांची संवेदना बव्हंशी याच नसांकडे असते. हर्नियाची जाळी ज्या जागी बसवतात, त्याच जागेतून या नसा जातात. टाक्यात सापडून, जखमेच्या वणात अडकून किंवा जाळी आक्रसल्यामुळे त्यांपैकी एखादी नस दुखावली, तर ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी असेच दुखणे सुरू होते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर जांघेत दीर्घकाळ दुखत राहणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. ऑपरेशन नीट झाले तरीही ते होऊ शकते, तेव्हा त्या शल्यविशारदांकडून चूक झाली असा अर्थ काढू नका. तुमची मांडीत जाणारी कळ मला या दिशेने विचार करायला लावते. जुन्या टाक्याच्या आसपासची त्वचा बधिर वाटते का, तिथे कपडा घासला तरी जळजळ होते का, टाक्याच्या एका ठरावीक बिंदूवर बोट दाबले की तीच कळ खाली वृषणापर्यंत जाते का, हे आज रात्रीच निवांतपणे पाहा आणि लिहून ठेवा. डॉक्टरांच्या खोलीत संकोचामुळे हे सांगायचे राहून जाते. आपल्याकडे तर माणूस ‘पोटाखाली दुखते’ एवढेच म्हणतो आणि पुढचे डॉक्टरांनी ओळखावे अशी अपेक्षा धरतो.

आता सोनोग्राफीच्या अहवालाकडे वळू. व्हेरिकोसील म्हणजे वृषणाकडून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगणे. डावी शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे हा विकार मुख्यतः डाव्या बाजूलाच आढळतो. त्याचे दुखणे मंद आणि ओढल्यासारखे असते, उभे राहिल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर ओसरते. तुमचा संध्याकाळचा जडपणा या वर्णनात बसतो, मांडीतील कळ बसत नाही. पहिल्या श्रेणीचे व्हेरिकोसील म्हणजे जोर करून कुंथल्यावरच हाताला लागणारे. ते कोणतेही दुखणे नसलेल्या कितीतरी पुरुषांमध्येही असते. एपिडिडिमिस म्हणजे वृषणाच्या मागची, शुक्राणू साठवणारी गुंडाळलेली नळी. तिच्यातील पाण्याच्या लहान गाठीबद्दलही तेच म्हणता येईल. या दोन्ही गोष्टी अहवालात आल्या, म्हणून त्याच दोषी आहेत असे मानून शस्त्रक्रिया करणे योग्य होणार नाही. तपासताना नेमकी ती गाठ दाबल्यावरच तुमची ओळखीची वेदना उमटत असेल, तर गोष्ट वेगळी.

चार वेळा अँटिबायोटिक घेतल्याचे वाचून मला काळजी वाटली. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडले असतील, किंवा एपिडिडिमिस सुजून गरम झाल्याचे दिसत असेल, तर त्या औषधांना अर्थ आहे. एरवी जुनाट वृषणवेदनेवर त्यांचा उपयोग होत नाही. यात आपल्या देशापुरती एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. क्षयरोग एपिडिडिमिसलाही होतो, आणि या कामी सर्रास दिली जाणारी काही अँटिबायोटिके त्याला तात्पुरते दाबून ठेवतात, त्यामुळे निदान लांबते. एपिडिडिमिस कडक, गाठीगाठीचे लागत असेल, बारीक ताप येत असेल किंवा वजन उतरले असेल, तर लघवीची क्षयरोगासाठीची तपासणी आवर्जून करून घ्या. त्याखेरीज लघवीची साधी तपासणी, उभे आणि आडवे अशा दोन्ही स्थितींत केलेली, रक्तप्रवाह दाखवणारी रंगीत डॉपलर सोनोग्राफी, आणि मुतखड्याचा संशय असल्यास पोटाची तपासणी एवढे पुरेसे आहे. मुतखड्याचे नाव मुद्दाम घेतले. आपल्या भागातील उन्हाळा आणि बागेत राबणाऱ्यांचे कमी पाणी पिणे यांमुळे तो विकार इकडे घरोघरी माहीत आहे, आणि मूत्रवाहिनीतील खड्याची कळ वृषणात जाणवते, कारण दोहोंच्या संवेदना मणक्याच्या जवळपास त्याच पातळीवरील मज्जातंतूंतून जातात. कंबर दुखत असेल, तर मणकाही पाहावा लागेल.

दोन गोष्टींत मात्र जराही वाट पाहू नये. अचानक असह्य कळ येऊन वृषण वर ओढल्यासारखे झाले आणि उलटी आली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ते वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते, म्हणून रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. आणि वृषणातच घट्ट, न दुखणारी गाठ हाताला लागली, तर कर्करोगाची शंका फेडण्यासाठी त्याच आठवड्यात तपासणी करावी. तुमच्या सोनोग्राफीत वृषण स्वतः निर्दोष आहे असे दिसते, तेव्हा सध्या ही भीती बाळगू नका.

शस्त्रक्रियेच्या आधी दोन-तीन महिने बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांना प्रामाणिकपणे द्यावेत. घट्ट लंगोट किंवा सपोर्टर, बद्धकोष्ठतेवर उपाय, मोटारसायकल आणि ट्रॅक्टरवरील सलग बसणे कमी करणे या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण बऱ्याच जणांना त्यांनीच निम्मा आराम पडतो. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या काही आठवडे दिल्या जातात. मात्र मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, अंगातले पाणी आटलेले असताना, या गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणून त्या चालू ठेवू नका. नसेच्या वेदनेसाठी रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिनची अल्प मात्रा, अथवा गॅबापेंटिन, प्रीगाबालिन ही वेगळ्या जातीची औषधे असतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला गुंगी येते. त्या दिवसांत ट्रॅक्टर चालवू नये. अमिट्रिप्टिलिनच्या खोक्यातील कागदावर ‘नैराश्यासाठी’ असे वाचून पुष्कळ रुग्ण ते औषध फेकून देतात. नसेच्या वेदनेसाठी ते कमी मात्रेत दिले जाते, तेव्हा डॉक्टर तुम्हाला पुन्हा ‘मनाचे’ रुग्ण ठरवत आहेत असे समजू नका. बसल्यावर किंवा शौचाच्या वेळी दुखणे वाढत असेल, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले असू शकतात. त्यासाठी फिजिओथेरपी आहे, आणि अशा रुग्णाला चाकूचा उपयोग होत नाही.

एवढे करूनही दुखणे राहिले, तर शस्त्रक्रियेच्या दिशेने पहिले पाऊल म्हणजे एक इंजेक्शन. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात त्याच्याइतकी उपयोगी तपासणी दुसरी नाही. वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या, वीर्यवाहिनी आणि नसा यांचा एकत्र जुडगा जांघेतून खाली उतरतो. त्याला वृषणरज्जू म्हणतात. जघनाच्या हाडाजवळ त्या रज्जूमध्ये बधिर करणारे औषध टोचले की काही तास वृषणाकडून येणारे संदेश थांबतात. याला कॉर्ड ब्लॉक म्हणतात. त्या काही तासांत वेदना निम्म्याहून अधिक कमी झाली, तर ती रज्जूतील नसांमधून वर जाते आहे असे मानता येते आणि त्या नसा तोडण्याच्या शस्त्रक्रियेपासून लाभ होण्याची शक्यता चांगली असते. काहीच फरक पडला नाही, तर वेदनेचा उगम दुसरीकडे आहे, मग ती जांघेतील जाळीची जागा असेल, मणका असेल किंवा ओटीपोटाचे स्नायू असतील. आणि अशा वेळी वृषण काढून टाकले तरी दुखणे तसेच राहण्याची भीती असते. तुम्हाला दिलेला सल्ला मला घाईचा वाटतो, तो याच कारणामुळे.

ब्लॉकचा निकाल खरा यायला हवा असेल, तर त्याची तयारी रुग्णानेच करायची असते. ज्या दिवशी दुखत नाही, त्या दिवशी ब्लॉक करून काहीही कळत नाही. सकाळची वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून टाळा, जाण्यापूर्वी थोडे चाला, उभे राहा, दुखणे जागे होऊ द्या. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरून इंजेक्शनपूर्वीचा आकडा लिहा, आणि पुढे दर तासाला लिहीत जा. औषधाचा अंमल काही तासांनी उतरेल आणि वेदना परत येईल. ते अपेक्षितच आहे, त्याने खचून जाऊ नका. शक्य असल्यास ब्लॉक दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा करून घ्यावा. काही तज्ज्ञ एखाद्या वेळी नुसते सलाईन टोचून प्रतिसाद पडताळतात. नुसत्या आशेनेही माणसाला थोडा आराम वाटतो, आणि तेवढ्यावर शस्त्रक्रिया ठरू नये म्हणून ही दक्षता घेतात. तुमच्या बाबतीत रज्जूचा ब्लॉक आणि जांघेतील इलिओइंग्वायनल नसेचा ब्लॉक असे दोन्ही, वेगवेगळ्या दिवशी करून पाहणे मला आवश्यक वाटते. कोणत्या ब्लॉकने दुखणे थांबते, त्यावरून पुढची दिशा ठरेल.

रज्जूच्या ब्लॉकने आराम पडला, तर जी शस्त्रक्रिया विचारात घ्यावी तिला वृषणरज्जूचे सूक्ष्म विच्छेदन किंवा मायक्रोसर्जिकल डिनर्व्हेशन म्हणतात. अमेरिकेतील डिव्हाइन आणि शेलहॅमर यांनी १९७८ मध्ये तिचे वर्णन केले. पाठीत किंवा पूर्ण भूल देऊन जांघेच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतात, रज्जू बाहेर आणतात आणि शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील बारीक नसा कापतात. या नसा सुट्या दिसत नाहीत. त्या रज्जूभोवतीच्या स्नायूच्या तंतूंत, वीर्यवाहिनीच्या आवरणात आणि चरबीत विखुरलेल्या असतात, म्हणून ते तंतू आणि ती चरबीच तोडावी लागते. मात्र वृषणाची धमनी, लसवाहिन्या आणि वीर्यवाहिनी यांना सांभाळावे लागते, आणि सारे कौशल्य तिथेच लागते. धमनी केसासारखी बारीक असल्यामुळे ती ओळखण्यासाठी छोट्या डॉपलर यंत्राची मदत घेतात. लसवाहिन्या वाचल्या नाहीत तर पुढे अंडकोषात पाणी साचते, आणि धमनी कापली गेली तर वृषण सुकू शकते. अनुभवी हातांत वृषण गमावण्याची वेळ शंभरात एखाद्यावर येते, पण हर्नियाच्या जुन्या ऑपरेशनमुळे तुमच्या बाजूला वण असणार, रक्तपुरवठा आधीच थोडा कमी झालेला असू शकतो, त्यामुळे तुमचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त धरावा. ही बाब शल्यविशारदांपुढे स्वतःहून काढा आणि हर्नियाच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.

यशाचे प्रमाण सांगताना एक अट आधी सांगितली पाहिजे, कारण जाहिरातीत ती गाळलेली असते : पुढील आकडे ब्लॉकने चांगला आराम पडलेल्या रुग्णांचे आहेत. प्रसिद्ध झालेल्या रुग्णमालिकांमध्ये अशा रुग्णांपैकी साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास लोकांचे दुखणे पूर्ण थांबलेले दिसते, आणखी दहा ते वीस टक्क्यांचे कमी होते, आणि उरलेल्यांना उपयोग होत नाही. आराम कित्येकांना लगेच जाणवतो, काहींना दोन-तीन महिने लागतात. म्हणून पंधराव्या दिवशी दुखले तर शस्त्रक्रिया फसली असे ठरवू नये.

जांघेतील नसेच्या ब्लॉकनेच अधिक आराम पडला, तर मार्ग वेगळा. तिथे प्रथम त्या नसेभोवती औषधांची इंजेक्शने पुन्हा देऊन पाहतात, आणि न जमल्यास अडकलेली नस कापून काढतात. क्वचित जाळीही काढावी लागते. हे काम हर्नियाच्या पुनर्शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या शल्यविशारदाचे आहे. नस कापल्यावर जांघेचा थोडा भाग कायमचा बधिर होतो, पण बहुतेक रुग्ण वेदनेपेक्षा बधिरपणा पत्करतात. व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली केली तर योग्य निवडलेल्या रुग्णांत तिने वेदनेला चांगला आराम पडतो, पण निवड योग्य हवी : शिरा स्पष्ट फुगलेल्या, दुखणे मंद आणि ओढणारे, आडवे झाल्यावर थांबणारे. तुमची पहिली श्रेणी आणि तुमची कळ पाहता, मी तिला पहिला क्रमांक देणार नाही. एपिडिडिमिस काढण्याची शस्त्रक्रिया दुखणे नेमके तिथेच असेल, तरच फळते. शिवाय त्या बाजूने शुक्राणूंचा मार्ग कायमचा बंद होतो. नसबंदीनंतर दुखणे राहिलेल्या वाचकांसाठी, असे मोजकेच असतात, एवढे सांगून ठेवतो की त्यांच्यासाठी नसबंदी उलटवणे हाही एक मान्य उपचार आहे.

वृषण काढणे या रांगेत शेवटी येते. सर्व उपाय थकल्यावर, ब्लॉकने आराम पडत असूनही विच्छेदन अपयशी ठरल्यावर आणि रुग्णाने पूर्ण विचार केल्यावर ते करावे लागतेच असे काही रुग्ण असतात. त्या वेळी ते अंडकोषातून न काढता जांघेतून, रज्जूसकट काढणे अधिक श्रेयस्कर, कारण त्यात आराम पडण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे. पण तरीही सर्वांना आराम पडत नाही. हात किंवा पाय कापल्यावर नसलेल्या अवयवात दुखावे, तसे नसलेल्या वृषणात दुखत राहिल्याची उदाहरणे आहेत. काढलेले वृषण परत मिळत नाही आणि गेलेली वेदना परत येऊ शकते, या दोन्ही गोष्टी ‘काढून टाका म्हणजे सुटाल’ म्हणणाऱ्याने रुग्णाला सांगितल्या पाहिजेत.

पुरुषत्वाबद्दल तुम्ही विचारले आहे. ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटच्या कडेने जातात, वृषणरज्जूतून जात नाहीत. त्यामुळे रज्जूतील नसा कापल्याने शरीरसंबंधावर परिणाम होण्याचे कारण नाही. उलट अनेकांची इच्छा मंदावलेली असते ती वेदनेच्या भीतीने, आणि दुखणे गेल्यावर ती परत येते. विच्छेदनात वीर्यवाहिनी आणि धमनी राखली जाते, म्हणून मूल होण्याची क्षमताही टिकते. उद्या खरोखर एक वृषण काढावे लागलेच, तरी दुसरे निरोगी असेल तर पुरुषी हार्मोन आणि शुक्राणू या दोन्हींसाठी ते सहसा पुरते. दाढी, आवाज, ताकद यांत फरक पडत नाही. तरीही तुम्हाला आणखी मूल हवे असल्यामुळे कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी वीर्यतपासणी करून ठेवा. त्यात शुक्राणू कमी निघाले, तर ते गोठवून ठेवण्याविषयी बोलता येईल. पत्नीला माहीत आहे हे चांगले आहे. तपासणीला त्यांनाही बरोबर न्या. दुखणे कधी वाढते हे जोडीदार पुष्कळदा अधिक नेमके सांगतो.

उपचार कुठे घ्यावेत याबद्दल : निदानासाठी दूर जाण्याची गरज नाही. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षापासून सुरुवात करता येईल; जळगाव, भुसावळ, धुळे येथे खासगी मूत्ररोगतज्ज्ञही आहेत. ब्लॉक देणे हे मूत्ररोगतज्ज्ञाला किंवा वेदनाचिकित्सा करणाऱ्या भूलतज्ज्ञाला जमण्यासारखे काम आहे. सूक्ष्मदर्शकाखालील विच्छेदनासाठी मात्र नाशिक, पुणे किंवा मुंबईची चौकशी करावी लागेल, कारण या कामाला केवळ यंत्र असून भागत नाही, हात बसलेला असावा लागतो. तिथे गेल्यावर तीनच प्रश्न विचारा, आणि विचारताना संकोचू नका : ही शस्त्रक्रिया आपण सूक्ष्मदर्शकाखाली करता का, आजवर किती केल्या आहेत, आणि माझ्यासारख्या हर्निया झालेल्या रुग्णात धमनी कशी सांभाळाल? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर नम्रपणे उठून दुसरीकडे जाण्याचा तुम्हाला अधिकार आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्या. दाखल झाल्यावर हा प्रश्न सुटणे अवघड जाते.

आबांना सांगण्याच्या बाबतीत माझा सल्ला साधा आहे. सगळे सविस्तर सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. ‘हर्नियाच्या ऑपरेशनच्या जागी नस दुखावली आहे, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आहे आणि कदाचित छोटे ऑपरेशन करावे लागेल,’ एवढे सांगितले तर ते खोटेही नाही आणि संकोचाचेही नाही. हर्निया घरात सर्वांना माहीतच आहे. भावाला मात्र थोडे अधिक सांगा, आणि शक्य तर आबांच्या आधी सांगा. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत न्यायचे काम तुमच्या वाट्याचे त्याच्या अंगावर पडते आहे, आणि कारण न कळल्यामुळे तो ते आळसाच्या खात्यात टाकतो. कारण कळले की त्याचा राग बहुधा निवळेल. शिवाय पुढे बागेचे काम त्यालाच एकट्याने ओढायचे आहे.

शस्त्रक्रिया ठरली, तर तारीख घेण्यापूर्वी बागेच्या कापणीचा अंदाज घ्या. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, आठ-दहा दिवसांत हलकी कामे करता येतात, पण चार ते सहा आठवडे घड, खताची पोती किंवा ठिबकच्या नळ्यांची बंडले उचलू नयेत, आणि तेवढे दिवस सपोर्टर वापरावा. माल निघण्याच्या ऐन हंगामात तारीख घेतलीत, तर चौथ्या दिवशी तुम्ही बागेत उभे असाल, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तोवर वहीत रोजचा आकडा, त्या दिवशीचे काम आणि घेतलेली गोळी एवढे लिहीत राहा. ब्लॉकच्या दिवशी डॉक्टरांना सोनोग्राफीच्या अहवालाइतकीच ती वहीही लागेल.